स्कूटरचा बेल्ट तुटायच्या आधी कधी बदलायचा? वायबुल लावून हिशोब कसा करायचा

रात्री साडेदहाला दादाचा फोन आला, केरीच्या फेरीधक्क्याजवळ एक गाडी बंद पडलीय, टुरिस्ट जोडपं आहे, बाई घाबरलीय, पिकअप घेऊन येतोस का. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, गोव्यात हरमलला त्याचा रेंट-अ-बाईकचा धंदा आहे. गेलो. गाडी घरी आणून कव्हर खोललं तर आत सगळीकडे काळा रबराचा भुगा, जळक्या रबराचा वास, आणि बेल्टची एक बाजू व्हेरिएटरला, म्हणजे इंजिनकडच्या पुलीला, गुंडाळलेली तर दुसरी क्लचकडे लोंबकळतेय. तुटलेला तुकडा हातात घेऊन उलटा वाकवून बघितला तर दात आणि दात यांच्या मधे बारीक भेगा, नखाने दाबलं तर उघडायच्या.

दादा म्हणाला, अरे मी वहीत लिहितो सगळं, बेल्ट सरासरी एकोणीस-वीस हजार किमी चालतो, मग हा साडेअकरा हजारालाच कसा गेला?

त्याच्या या प्रश्नासाठीच हे लिहितोय. मी तुयेच्या इंडस्ट्रियल एस्टेटमधे एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, तिथे पंपाच्या सीलसाठी आम्ही वायबुल वापरतो, म्हणजे वस्तू किती वयाला तुटतात याचा हिशोब मांडायची पद्धत, आणि तोच हिशोब स्कूटरच्या बेल्टला, इन्व्हर्टरच्या बॅटरीला, बोरच्या मोटरला, कशालाही चालतो. एक्सेल येतं एवढं पुरे. गणित बारावीनंतर सोडलेलं असलं तरी घाबरू नका, एक-एक पायरी करत गेलं की जमतं.

आधी सरासरीचं बघूया, कारण सगळा घोळ तिथेच आहे. सरासरी वीस हजार म्हणजे साधारण अर्धे बेल्ट त्याच्या आधीच तुटणार. सरासरीवर बदलायचं ठरवलं तर अर्ध्या वेळा तुम्ही रस्त्यावरच बदलताय. आणि सरासरी एक गोष्ट कधीच सांगत नाही, ती म्हणजे तुटणं पसरलंय कसं. समजा एका कंपनीचे सगळे बेल्ट अठरा ते बावीस हजारात तुटतात आणि दुसऱ्या कंपनीचे कधी दोन हजाराला तर कधी चाळीस हजाराला, दोघांची सरासरी वीसच येईल, पण पहिल्याला वेळेत बदलून वाचता येतं आणि दुसऱ्याला कितीही वेळा बदला, काही उपयोग नाही. हा फरक आकड्यात पकडायचा म्हणजे वायबुल.

वालोदी वायबुल हे स्वीडनचे इंजिनिअर, जन्म १८८७, वारले १९७९ मधे. १९३९ मधे त्यांनी धातू आणि इतर मटेरियल कुठल्या जोराला तुटतं यावर काम छापलं, आणि १९५१ मधे अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या जर्नलमधे एक पेपर दिला ज्याच्यानंतर हे डिस्ट्रिब्युशन, म्हणजे तुटणं कसं पसरतं ते सांगणारं सूत्र, जगभर गेलं. त्या पेपरात सात उदाहरणं आहेत, स्टीलची ताकद आहे, माणसांची उंची आहे, आणि एक उदाहरण भारतीय कापसाच्या तंतूंच्या ताकदीचं आहे. मला ते वाचून खूप बरं वाटलं होतं, आपल्याकडचा कापूस तिकडे स्वीडनच्या माणसाच्या टेबलावर. मागची कल्पना साखळीची आहे, साखळी तुटते ती तिच्या सगळ्यात कच्च्या कडीला, बाकीच्या कड्या कितीही मजबूत असोत. बेल्टचं तेच, आतल्या दोऱ्यांमधे जिथे एक जागा कच्ची तिथूनच तो जातो.

वायबुलमधे दोन आकडे असतात. एक ईटा, त्याला स्केल म्हणतात, म्हणजे वयाचा आकडा. इतक्या किमीपर्यंत १०० पैकी ६३ बेल्ट तुटलेले असतात, बीटा काहीही असो हे ६३.२ टक्के बदलत नाही. दुसरा बीटा, त्याला शेप म्हणतात, आणि खरी गंमत त्यात आहे. बीटा १ पेक्षा कमी आला तर वस्तू नवी असतानाच जास्त मरते, म्हणजे फिटिंग चुकलंय किंवा माल खराब आहे. बीटा १ च्या आसपास असेल तर वयाचा काही संबंधच नाही, जुनं आणि नवं दोघांना सारखाच धोका, उदाहरणार्थ खिळा लागून होणारं पंक्चर, खिळ्याला टायर कधी घेतला त्याच्याशी काय देणंघेणं. आणि बीटा १ पेक्षा जास्त म्हणजे वस्तू झिजते, जितकी जुनी तितका धोका जास्त. वेळेआधी बदलण्यात अर्थ फक्त या तिसऱ्या प्रकारात आहे. हे नीट डोक्यात बसवा, कारण लोक बीटा न बघताच "दर अमुक किमीला बदला" असा नियम लावतात, आणि बीटा १ पेक्षा कमी असेल तर चांगली चाललेली वस्तू काढून नवी घालताना धोका उलट वाढवून ठेवतात.

आता कामाला लागू.

पहिलं काम माहिती गोळा करणं, आणि ऐंशी टक्के मेहनत इथेच आहे. प्रत्येक बेल्टसाठी तीन गोष्टी लिहा: घातला तेव्हाचं मीटर, काढला तेव्हाचं मीटर, आणि काढला का. "का" सगळ्यात महत्त्वाचं. तुटला म्हणून काढला, की गाडी विकली म्हणून हिशोब संपला, की सीलमधून ऑइल गळून बेल्ट भिजला म्हणून काढला. ऑइलने गेलेले बेल्ट झिजून गेलेल्यांमधे मिसळू नका, तो वेगळा आजार आहे आणि त्याचा बीटा वेगळा येतो. दादाच्या वहीत नुसतं "बेल्ट चेंज" असं लिहिलेलं होतं, आम्ही दोघांनी दोन संध्याकाळी बसून एकेक गाडी आठवून आठवून ते सोडवलं. मीटर बंद असलेल्या गाड्या सरळ बाजूला ठेवल्या, अंदाजाचा आकडा घालून काही फायदा होत नाही.

दुसरं, आणि इथे जवळजवळ सगळे चुकतात: जे बेल्ट अजून चालू आहेत त्यांनाही हिशोबात घ्यायचं. नुसत्या तुटलेल्यांची यादी केली तर ती मेलेल्यांचीच यादी झाली, जे टिकले त्यांचं म्हणणं कोण ऐकणार. एखादा बेल्ट २२ हजार चालून अजून धावतोय तर तो कधी तुटेल ते माहीत नसलं तरी २२ हजाराच्या आधी तुटला नाही हे पक्कं माहीत आहे, आणि ती पण माहितीच आहे. अशा नोंदींना सेन्सॉर्ड म्हणतात, आमच्या कंपनीत सस्पेन्शन म्हणतात.

समजा असे आठ बेल्ट आहेत, आकडे हजार किमीमधे. हिशोब नीट दिसावा म्हणून मी ते गोल करून सोपे घेतलेत:

११.५ तुटला
१४.० गाडी विकली, बेल्ट ठीक
१५.२ तुटला
१८.० तुटला
२०.५ तुटला
२२.० अजून चालू
२३.१ तुटला
२६.८ तुटला

लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेत. आता प्रत्येक तुटलेल्याला क्रमांक द्यायचा, पण मधे विकलेले आणि चालू आलेत त्यामुळे सरळ १, २, ३ देता येत नाही. ट्रिक अशी: एकूण बेल्टमधे १ मिळवा, म्हणजे ९. त्यातून आधीच्या तुटलेल्याचा क्रमांक वजा करा. जे उरलं त्याला, आत्ताचा धरून पुढे जितके बेल्ट उरलेत त्यात १ मिळवून, भागा. येईल तेवढी उडी आधीच्या क्रमांकात मिळवा. पहिल्या बेल्टचा क्रमांक १. मग १४.० वाल्याला क्रमांक नाही, पण त्याच्यामुळे पुढची उडी बदलते: ९ वजा १ म्हणजे ८, पुढे उरलेले ६ अधिक १ म्हणजे ७, उडी ८ भागिले ७ म्हणजे १.१४, म्हणून १५.२ चा क्रमांक २.१४. तीच उडी पुढे दोनदा, १८.० चा ३.२९ आणि २०.५ चा ४.४३. मग २२.० चा चालू बेल्ट मधे आला म्हणून उडी परत काढायची, ९ वजा ४.४३ म्हणजे ४.५७, भागिले ३, उडी १.५२, तर २३.१ चा ५.९५ आणि २६.८ चा ७.४८. हे एकदा हाताने कागदावर करा, मग एक्सेलमधे टाका, हाताने केल्याशिवाय ते अंगात मुरत नाही.

क्रमांकावरून टक्का काढायचा. क्रमांकातून ०.३ वजा करा आणि एकूण बेल्ट अधिक ०.४ ने भागा, आपल्याकडे ८.४. याला मीडियन रँक म्हणतात. पहिला येतो ०.०८३, मग ०.२१९, ०.३५५, ०.४९१, ०.६७३ आणि शेवटचा ०.८५४. सरळ १ भागिले ८ का नाही, असं दादाने विचारलं. कारण तसं केलं तर शेवटचा तुटला की १०० टक्के संपले असं होतं, आणि आठच बेल्ट बघून जगातले सगळे बेल्ट २६.८ च्या आत तुटतात असं म्हणणं बरोबर नाही.

तिसरी पायरी लॉगची. दोन कॉलम करा. एका कॉलममधे किमीचा नॅचरल लॉग, एक्सेलमधे एलएन. दुसऱ्या कॉलममधे १ मधून टक्का वजा करा, त्याचा एलएन घ्या, मायनसचं चिन्ह काढा, आणि परत एलएन घ्या. हो, दोनदा लॉग, चूक नाहीये. १५.२ साठी पहिला कॉलम २.७२१ येईल आणि दुसरा मायनस १.३९६, हे जुळलं म्हणजे तुमचा फॉर्म्युला बरोबर बसलाय. असं केल्याने वायबुलचा वाकडा कर्व्ह सरळ रेष होतो आणि सरळ रेष काढायला एक्सेलमधे स्लोप आणि इंटरसेप्ट आहेतच. दुसरा कॉलम वाय, पहिला एक्स, एवढं सांभाळा.

स्लोप म्हणजेच बीटा. आपला आला ३.६४. इंटरसेप्ट येतो मायनस ११.३२, त्याचं चिन्ह उलटं करून बीटाने भागा, आणि त्याचा ईएक्सपी (एलएनच्या उलट, एक्सेलमधलंच फंक्शन) घ्या, ईटा आला २२.५, म्हणजे २२,५०० किमी.

ग्राफ काढून डोळ्याने बघायला विसरू नका. ठिपके रेषेवर बसले तर छान. रेष मधेच गुडघ्यासारखी वाकली तर समजा दोन वेगळे आजार एकत्र आलेत, परत वहीकडे जा आणि "का" चा कॉलम तपासा. आमच्याकडे एकदा सीलच्या ग्राफमधे अशी वाकलेली रेष आली होती, शोधलं तर पहिले तीन सील रात्रपाळीत एकाच पद्धतीने चुकीचे बसवलेले निघाले, बदलायचं शेड्यूल करत बसलो असतो तर वर्षभर नुसते सील विकत घेतले असते.

बीटा ३.६४ म्हणजे झीज, म्हणजे वेळेआधी बदलण्यात अर्थ आहे. आता या दोन आकड्यांना हवे ते प्रश्न विचारता येतात. अमुक किमीपर्यंत किती तुटतील? किमीला ईटाने भागा, उत्तराचा बीटा घात घ्या, मायनस लावून ईएक्सपीमधे टाका, १ मधून वजा करा. १० हजाराला येतात ५ टक्के, १२ हजाराला जवळपास १० टक्के, १५ हजाराला २० टक्के, १८ हजाराला ३६ टक्के. म्हणजे दादाचा साडेअकरावाला बेल्ट नशिबाने तुटलेला नव्हता, बारा हजाराच्या आत दहातला एक जाणारच होता. १० टक्के तुटतात त्या वयाला बी-टेन लाइफ म्हणतात, बेअरिंगवाले एल-टेन म्हणतात, बेअरिंगच्या कॅटलॉगमधे आयुष्य तसंच दिलेलं असतं.

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हा: बेल्ट १५ हजार चाललाय, गिऱ्हाईक गाडी घेऊन जातंय, पुढच्या ३ हजारात तुटेल का? १८ हजाराचा घात ०.४४४, १५ हजाराचा ०.२२९, दोघांचा फरक ०.२१५, त्याला मायनस लावून ईएक्सपी आणि १ मधून वजा, उत्तर १९ टक्के. आणि नवाकोरा बेल्ट पहिल्या ३ हजारात तुटायची शक्यता? हजारात एकापेक्षा कमी. हे दोन आकडे दादाला शेजारी-शेजारी लिहून दाखवले तेव्हा तो गप्पच बसला, मग म्हणाला, म्हणजे मी शंभरातले एकोणीस जण स्वतः केरीला पाठवत होतो.

आता पैशाचा हिशोब, कारण धंदा आहे. बेल्ट दुकानात बदलायला ९०० धरू, मजुरीसकट. रस्त्यावर तुटला तर बेल्ट, पिकअपचं पेट्रोल, रात्रीचा माणूस, त्या दिवसाचं भाडं परत, बदली गाडी, मिळून ४,५०० धरू. हे आमच्या हिशोबापुरते, तुमचे तुम्ही घाला. कुठल्याही एका किमीला बदलायचं ठरवलं तर एका बेल्टमागचा खर्च म्हणजे ९०० गुणिले टिकायची शक्यता, अधिक ४,५०० गुणिले तुटायची शक्यता. त्याला भागायचं बेल्टने सरासरी दिलेल्या किमीने, आणि ते किमी ठरवलेल्या आकड्यापेक्षा थोडे कमी असतात कारण काही मधेच तुटतात. ते काढायला एक्सेलमधे ० पासून ५००-५०० किमीच्या ओळी करा, प्रत्येक ओळीला टिकलेल्यांचा टक्का लिहा, आणि सगळे टक्के मिळवून ५०० ने गुणा, एवढ्याने काम भागतं.

उत्तर असं आलं, दर हजार किमीमागे रुपये: ८ हजाराला बदलला तर १२३, १० हजाराला ११०, १२ हजाराला १०६, १५ हजाराला ११४, १८ हजाराला १३३, आणि तुटेपर्यंत चालवला तर २२२. म्हणजे १२ हजार. आणि बघा, ११ ते १३ मधे फरक रुपया-सव्वा रुपयाचा आहे, त्यामुळे बरोबर १२,००० लाच गाडी थांबवायची गरज नाही, सर्विसिंगला आली की करून टाका. मात्र तुटेपर्यंत वाट बघणारा दुपटीने पैसे घालवतोय.

काही ठिकाणी पाय घसरतो ते सांगतो. एक्सेलमधे तयार वायबुलचं फंक्शन आहे पण त्यात शेपला अल्फा म्हटलंय आणि स्केलला बीटा, म्हणजे आपण ज्याला बीटा म्हणतोय तो तिथे अल्फाच्या जागी टाकायचा. माझा अख्खा एक दिवस यात गेलाय, उत्तरं वेडीवाकडी येत होती आणि चूक सापडत नव्हती.

विकलेल्या गाडीचा आणि चालू बेल्ट न धरता नुसत्या सहा तुटलेल्यांवर हाच हिशोब केला तर ईटा २२,५०० ऐवजी २१,३०० येतो. इथे दोनच होते म्हणून फरक छोटा, पण वीस गाड्यांपैकी चारच बेल्ट तुटलेत आणि सोळा चालू आहेत अशी परिस्थिती असेल तर नुसत्या चारांवरचं उत्तर पार फसवं असेल. चालू असलेले इतके जास्त असतील तर ही रेषेची पद्धत सोडून मॅक्सिमम लाइकलीहूड नावाच्या दुसऱ्या पद्धतीने काढणं बरं, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर लाइफलाइन्स नावाची लायब्ररी आहे, ती चालू-तुटलेले सगळे घेते.

सहा तुटलेल्यांवर बीटा ३.६४ आला म्हणून तो दगडावरची रेघ समजू नका, इतक्या कमी माहितीत खरा बीटा २ पासून ६ पर्यंत कुठेही असू शकतो. १ पेक्षा वर आहे एवढं मात्र बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं, आणि बदलायचं की नाही हा निर्णय तेवढ्यावर होतो. किती किमीला, ते माहिती वाढेल तसं सुधारत जायचं.

किमी घ्यायचे की दिवस, हेही विचार करून ठरवा. बेल्ट धावल्याने झिजतो म्हणून किमी. पण इथे जून ते सप्टेंबर निम्म्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या असतात आणि बॅटरी उभ्या-उभ्या मरते, तिच्यासाठी किमी लावलेत तर ठिपके रेषेवर बसणारच नाहीत, तिथे महिने घ्या. आणि वेगवेगळ्या मॉडेलच्या गाड्या एकत्र करू नका, बेल्ट वेगळा, रोलर वेगळे, आयुष्य वेगळं.

दादाने आता चवथीनंतर, सीझन सुरू व्हायच्या आधी एक काम लावून घेतलंय. सगळ्या गाड्यांची मीटरं लिहून काढतो, बेल्टचे किमी १० हजाराच्या वर गेलेल्या गाड्या वेगळ्या लावतो, आणि तेवढ्याच खोलतो. काढलेल्या प्रत्येक बेल्टवर पांढऱ्या मार्करने गाडीचा नंबर आणि किमी लिहून मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगतो. न तुटता काढलेला बेल्टही यादीत "ठीक, काढला" म्हणून जातो, म्हणजे चालू बेल्टसारखाच धरायचा, आणि दर सहा महिन्यांनी नवीन ओळी टाकून स्लोप परत काढायचा.